चकाची पकड

अवजारं आपसांत बोलत होती, त्या काळची गोष्ट. हिरोजी टर्नरच्या लेथवर एक चक होता. कातायची वस्तू पकडून फिरवणारी तीन जबड्यांची लोखंडी मूठच ती. "माझ्या तावडीतून आजवर काही निसटलेलं नाही," अशी त्याची फुशारकी.

एकदा पितळेची पातळ कडी आली. हिरोजीनं जबडे आवळायची किल्ली बेतानंच फिरवली, पण चकानं आपणहून आणखी आवळलं.

"दादा, दुखतंय," कडी कळवळली.

"गप गं! सुटलीस तर भंगारात जाशील. तुझ्या भल्यासाठीच धरलंय."

हत्यारानं कडी आतून कातली. "बघ, कशी गोल झालीस!" चक ऐटीत म्हणाला.

हिरोजीनं जबडे सैल केले. कडीनं श्वास घेतला, आणि जिथं जबडे रुतले होते तिथं ती बाहेर फुगली, मधल्या जागी आत दबली. तिच्यात बसवायचा दांडा काही आत जाईना. "तिकोनी झाली की ही!" म्हणत हिरोजीनं ती भंगाराच्या डब्यात टाकली.

"दादा," डब्यातून आवाज आला, "तुमच्या मुठीत होते तोवर गोलच होते हो मी."

चक शरमेनं गार पडला. हिरोजीनं दुसरी कडी लावली. ती काही बोलायच्या आतच चकानं हळूच विचारलं, "बाई, दुखत नाही ना?"

डब्याकडे बघायची मात्र त्याची छाती झाली नाही.