वस्तादांची शिफारस

एकदा एक तरुण फुटबॉल प्रशिक्षक स्वतःच्या यशामुळेच अडचणीत सापडला. हरणाऱ्या प्रशिक्षकाला कोणी बोलावत नाही, त्यामुळे त्याच्या निष्ठेची परीक्षा घेण्याच्या भानगडीतही कोणी पडत नाही. जिंकणाऱ्याचा फोन मात्र वाजू लागतो.

तो ज्या शहरात राहत होता, तिथे फुटबॉल म्हणजे वेड. पेठेपेठेचा संघ, तालमीतालमीचा संघ. सामन्याच्या दिवशी भाजीवालासुद्धा 'आधी सांगा, तुम्ही कुणाकडचे?' असं विचारून मगच मेथीची जुडी हातात देणारा. अशा शहरातल्या एका लहानशा कॉलेजात हा चार वर्षांपूर्वी रुजू झाला. मैदान तांबड्या मातीचं, तेही एका अंगाला उतार असलेलं. गोलला जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर अर्धा सामना भांडणात जाई. पहिल्या वर्षी संघ सात गोलांनी हरला, तेव्हा प्राचार्यांनी त्याची समजूत काढली, "आठ तर नाही ना झाले!" त्याच संघाला त्याने चौथ्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत आणलं. अंतिम सामन्याला पंचवीस दिवस उरले होते.

नेमका तेव्हाच नदीपलीकडच्या मोठ्या कॉलेजातून फोन आला. त्या संस्थेचे अध्यक्ष गुळाचे मोठे व्यापारी. सगळं गाव त्यांना शेठ म्हणे. शेठ गोड बोलले, पण मुद्द्याचं बोलले. हिरवळीचं मैदान आहे, वसतिगृह आहे, मुलांच्या गुडघ्यांकडे बघायला वेगळा डॉक्टर आहे. फक्त एवढंच, की पुढच्या सोमवारपासून आमचं शिबिर सुरू होतंय, तेव्हा सोमवारी यायचं. आणि जमलं तर तुमचा तो गोलकीपर आणि तो डावखुरा फॉरवर्ड, दोघांनाही घेऊन यायचं.

"दुसरे एक जण तयार आहेत," शेठ म्हणाले, "पण माझं मन तुमच्यावर आहे."

तरुणाचं मनही त्या हिरवळीवर जाऊन बसलं. यात पाप काहीच नव्हतं. पुढे कधीतरी राज्याचा संघ आपल्या हाताखाली खेळावा, हे त्याचं जुनं स्वप्न होतं आणि उताराच्या मैदानावरून तिथवर पोचणं अवघड होतं. त्याने गोलकीपर इंद्रजीत आणि फॉरवर्ड तौफिक यांना कँटीनच्या मागे गाठून हळूच विचारूनही ठेवलं. दोघेही 'बघतो सर' म्हणाले आणि त्याच्या नजरेला नजर न देता निघून गेले. त्या दिवसापासून सरावात चेंडू कुणाच्या पायात नीट राहीना. तरुणाला वाटलं, उन्हाचा त्रास असेल.

आता उरले होते वस्ताद.

वस्ताद म्हणजे त्याचे गुरू. वय अठ्ठ्याहत्तर. याच शहरातल्या एका तालमीच्या संघाला त्यांनी चाळीस वर्षं शिकवलं, दुसऱ्या कुठल्या मैदानावर पाऊल ठेवलं नाही. निष्ठा म्हटलं की गाव त्यांच्याकडे बोट दाखवी. या तरुणाला बुटाची नाडी बांधण्यापासून सगळं त्यांनीच शिकवलं होतं. वस्ताद आता आपल्याला फाडून खाणार, या खात्रीने त्याने घरापासून त्यांच्या दारापर्यंत चालताना अकरा कारणं पाठ केली.

वस्ताद ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्याने चौथ्या कारणापर्यंत मजल मारली असेल, तेवढ्यात ते म्हणाले, "मग जा की."

तरुण थांबला. "जाऊ?"

"मोठं मैदान हाय, चांगलं काम हाय. जायाला काय झालं? शेठला हिकडं चहाला घेऊन ये. तुझ्याबद्दल दोन शब्द मी सोता सांगतो."

उरलेली सात कारणं त्याने आनंदाने गिळून टाकली. वस्तादांचा शब्द म्हणजे त्या शहरात पक्की मोहोर. त्याला ओसरीवरून उतरताना सोमवारची शिट्टी ऐकू येऊ लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले. अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. चहा झाला, शेंगा झाल्या, यंदाच्या गुळाच्या रंगाबद्दल बोलणं झालं. मग शेठ विषयावर आले.

"वस्ताद, चार वर्षांत माझे तीन प्रशिक्षक गेले. माणूस हुशार आहे, ते मी सामने बघून ओळखलं. माझा प्रश्न एकच आहे. हे सर आमच्याकडे टिकतील का?"

तरुण मान खाली घालून, स्तुती ऐकताना चेहरा कसा ठेवावा याची तयारी करत होता.

"न्हाई," वस्ताद म्हणाले.

"काय म्हणालात?"

"टिकायचा न्हाई. सोडून जाईल. आन् सांगून न्हाई जायाचा."

शेठनी एकदा वस्तादांकडे पाहिलं, एकदा तरुणाकडे.

"आणि तो गोलकीपर? तो फॉरवर्ड?"

"ती पोरं बी जातील. ह्याच्याआधी जातील."

शेठ असे हसले, की आतून वस्तादांच्या सूनबाई काय झालं म्हणून डोकावल्या. त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला, वस्तादांच्या पायाला हात लावला आणि जाता जाता तरुणाला म्हणाले, "सर, सोमवारचं काय ते उद्या बोलू."

गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत तरुणाने कसाबसा दम धरला.

"वस्ताद, हे काय केलंत! माझं वाटोळं केलंत! मला जाऊ द्यायचं नव्हतं तर कालच सांगायचं. घरी बोलावून, चहा पाजून, त्यांच्यासमोर... मी बेइमान आहे का?"

"बस."

"नाही बसत."

"मग हुबा ऱ्हा, पण ऐक." वस्तादांनी शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. "त्यांनी मला इचारलं, टिकंल का. मी कसा सांगणार? तुझ्या मनातलं मला काय ठावं? मला एवढंच दिसतंय, की तू हितनं कसा निघालायस. फायनल तोंडावर, संघाला पत्ता न्हाई, प्राचार्यांना पत्ता न्हाई, आन् दोन पोरं बगलंत मारून चाललायस. माणूस एका दारानं जसा भाईर पडतो, तसाच दुसऱ्या दारानंबी पडतो. चालायची ढब बदलत न्हाई. तेच मी शेठला सांगितलं. ह्यात खोटं काय बोललो, सांग."

तरुणाने शेवटचं हत्यार काढलं. "तुम्हाला बोलायला काय जातंय? तुम्ही चाळीस वर्षं एका जागी राहिलात. तुमच्यासारखी निष्ठा सगळ्यांना कशी जमणार?"

आता हसण्याची पाळी वस्तादांची होती.

"अरं लेका, मला कुणी बोलावलंच न्हाई!"

"काय?"

"एकानं बी न्हाई. चाळीस वर्सं वाट बघितली. एकदा एक पाव्हणा आला हुता, मला वाटलं आला बाबा सांगावा. त्यो पत्ता इचारत हुता, शेजारच्या घराचा." डोळ्यांतलं पाणी त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं. "लोक म्हंत्यात वस्ताद निष्ठावान. मी बी म्हटलं, म्हणू द्या, काय बिघडतंय. पण तुला सांगतो, ऱ्हाणं म्हंजी निष्ठा न्हवं. ऱ्हातो त्यो कधी आळसानं ऱ्हातो, कधी भ्यानं, कधी माझ्यासारखा कुणी बोलावत न्हाई म्हणून ऱ्हातो. आन् जाणं म्हंजी गद्दारी न्हवं. मोठं व्हायची हाव नसंल त्या माणसानं पोरांना काय शिकवावं? ती पोरं हंगामाच्या सुरवातीला तुझ्या शब्दावर मैदानात उतरली. त्यो हंगाम त्यांचा. हंगाम झाल्यावर तू तुझा. चारचौघांत सांग, मैदान दुसऱ्याच्या हातात नीट दे, आन् ताठ मानेनं जा. मी सोता गुलाल टाकीन तुझ्यावर."

"पण शेठ अठरा दिवस थांबणार नाहीत. दुसरा माणूस तयार आहे."

"मग ती नोकरी गेली," वस्ताद शांतपणे म्हणाले. "त्याची किंमत तुलाच मोजाय लागंल. मी फुकटात हुतंय असं कुटं म्हटलं?"

तरुण ओसरीवरून उतरला. वस्तादांचं घर ते कॉलेज हे अंतर वीस मिनिटांचं, पण त्याला त्या दिवशी तास लागला. वाटेत दोनदा शेठना लावण्यासाठी त्याने फोन बाहेर काढला आणि दोनदा खिशात ठेवला. हिरवळ डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून त्याने नंबर लावला. एका दमात बोलून टाकलं. "शेठ, सोमवारी येता येणार नाही. अंतिम सामना झाल्यावर येईन, तोवर जागा राहिली तर. आणि मुलं येणार नाहीत. त्यांना मी विचारायला नको होतं."

पलीकडे शेठनी कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं.

"सर," शेठ म्हणाले, "माझ्या पेढीवर एक तोलार होता. वजनकाट्यावर त्याच्यासारखा हात बाजारात नव्हता. ऐन हंगामात, गाड्या दारात उभ्या असताना, मी त्याला शेजारच्या पेढीवरून फोडून आणला. काय खूश होतो मी! पुढच्या हंगामात, माझ्या दारात गाड्या उभ्या असताना, तो तिसऱ्याकडे गेला. मी बोंब मारायला तोंड उघडलं आणि शेजारचा माझ्याकडे बघून हसला. मला बोलायला जागाच नव्हती. ती वाट मीच त्याला दाखवली होती. आज वस्ताद बोलले तेव्हा तो तोलार माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला."

"आणि ते दुसरे प्रशिक्षक?"

"ते सोमवारी यायला एका पायावर तयार आहेत. त्यांच्याही संघाची पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका स्पर्धेत उपांत्य फेरी आहे म्हणे." शेठ खळखळून हसले. "तुम्ही अठरा दिवसांनी या. शिबिर माझा क्रीडाशिक्षक घेईल. पोरं थोडी कमी धावतील, काही मरत नाहीत."

संध्याकाळच्या सरावाला त्याने सगळ्या संघाला मैदानाच्या मध्यभागी गोल करून बसवलं आणि अंतिम सामन्यानंतर आपण जाणार असल्याचं सांगितलं. दोन मुलांना चोरून विचारलं होतं, तेही सगळ्यांसमोर सांगितलं.

इंद्रजीत म्हणाला, "सर, आम्हाला माहीत होतं."

"सगळ्यांना?"

"तौफिकच्या पोटात काय राहतंय? आठवडाभर सगळे एकमेकांकडं बघत होते, आता कोण कोण चाललंय म्हणून."

"मी फक्त एकालाच सांगितलं होतं," तौफिक म्हणाला.

"कुणाला?"

"कँटीनवाल्याला."

हसण्याचा असा गलका उठला, की शेजारच्या वर्गातल्या खिडक्या उघडल्या. हसू ओसरल्यावर इंद्रजीतने विचारलं, "फायनलला आहात ना?"

"आहे."

"मग बास. उठा रे!"

त्या संध्याकाळी चेंडू पायांत राहिला. उरलेल्या अठरा दिवसांत त्याने आपल्या हाताखालच्या मदतनीस प्रशिक्षकाला रोज शेजारी उभं केलं, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला ओरडलेलं चालतं, कोणाला खांद्यावर हात ठेवून सांगावं लागतं, ते सगळं त्याच्या स्वाधीन केलं. अंतिम सामना ते हरले, तोही टायब्रेकरवर, शेवटच्या किकला. कथेसाठी जिंकवता आला असता, पण हरले ते हरले. मुलांनी त्याला खांद्यावर घेतलं. वस्तादांनी कबूल केल्याप्रमाणे गुलाल टाकला, जिंकलेल्या संघाचाच मागून आणून.

नव्या कॉलेजात पहिल्या दिवशी शेठनी त्याची ओळख करून दिली आणि बोलायला सांगितलं. समोर तीसेक मुलं उभी होती. चार वर्षांत तीन जणांचं स्वागत केल्यामुळे चौथ्याचे शब्द त्यांना ऐकण्याआधीच पाठ होते.

तो म्हणाला, "मी इथे जन्मभर राहीन असं सांगायला आलेलो नाही. एक दिवस जाईन. जायचं ठरेल तेव्हा सगळ्यात आधी तुम्हालाच सांगेन, आणि हंगामाच्या मध्ये जाणार नाही. तेवढंच तुम्हीही माझ्यासाठी करा."

मुलं गोंधळून एकमेकांकडे पाहू लागली. असं स्वागताचं भाषण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग मागच्या रांगेतला एक उंच मुलगा, जो त्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात जायच्या विचारात होता, खाली बसला आणि बुटाच्या नाड्या घट्ट बांधू लागला.