लाल गाडीची खोड

एकदा एका वस्तादांकडे एक शिष्य जुन्या गाड्या नव्याने उभ्या करायला शिकत होता. गुरू-शिष्य म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पर्णकुटी आणि समिधा आल्या असतील, तर त्या कृपया बाजूला ठेवा. हे गुरुकुल कोल्हापूरच्या उद्यमनगरात होते, वर पत्रा होता आणि यज्ञाच्या धुराऐवजी तिथे ऑइलचा वास दरवळत असे. गुरूविषयीचा आदर मात्र तोच, आणि शिष्याची घाईही सर्व युगांत असते तीच.

वस्ताद वृद्ध होते. जुन्या, वेगवान टर्बो गाड्यांचे शौकीन त्यांना शोधत दूरदूरून येत. शिष्याचे नाव धैर्यशील. पण धीर धरणे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. हात मात्र असा की बिघाड आपण होऊन पुढे यावा.

टर्बो म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो. ते फिरले की इंजिनात जास्तीची हवा कोंबली जाते आणि गाडी उसळते. जुन्या गाड्यांत हे चक्र जड असे. पाय दाबला तरी काही क्षण काहीच घडत नसे, आणि मग एकाएकी कुणीतरी मागून ढकलून द्यावे तशी गाडी सुटे.

गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सांगलीच्या एका डॉक्टरबाईंची चंदेरी टर्बो उभी होती. तिची पाळी अजून यायची होती, आणि धैर्यशीलचा तिच्यावर जीव जडला होता. वस्तादांची रीत अशी की शिष्याने एक गाडी एकट्याने पूर्ण करावी. मालक ट्रायलवरून खूश होऊन आला, तर पुढची गाडी सर्वस्वी शिष्याची. वस्ताद तिला बोटही लावणार नाहीत. मालक नाखूश झाला, तर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली काम.

अशा वेळी निंबाळकर दांपत्य आपली लाल, दोन दारांची टर्बो घेऊन आले. तरुणपणी परदेशात घेतलेली गाडी, तिथून बोटीने आलेली. दोघांचेही केस पिकलेले.

"ब्रेक भरवशाचे राहिले नाहीत," साहेब म्हणाले आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"शिवाय तापते फार," बाई वैतागून म्हणाल्या. "मागच्या खेपेला कराडजवळ भर दुपारी रस्त्यात उभे राहिलो. ना सावली, ना पाणी."

"आणि ती टर्बोची खोड," साहेब पुढे म्हणाले. "पन्हाळ्याच्या चढाला पाय दाबतो, तर गाडी ढिम्म. ही विचारते, 'आली का हो?' मी म्हणतो, 'थांब गं.' ही पुन्हा म्हणते, 'आली का?' मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय…"

"आणि मग येते!" बाई म्हणाल्या. दोघेही हसू लागले.

वस्ताद चहा पीत ऐकत होते. त्यांनी ही गाडी धैर्यशीलवर सोपवली. त्याने तिन्ही तक्रारी मनात घोकल्या आणि तो कामाला लागला. त्याने गंज काढला, पत्रा सरळ केला, ब्रेक बदलले, रेडिएटर मोठा बसवला. शेवटी जुनी टर्बो काढून त्या जागी नवी, हलक्या चक्राची बसवली. गाडी अशी उजळली की शेजारचे फिटर हातातले काम टाकून बघायला आले. "नाद खुळा!" असा एकमुखी निकाल लागला.

निंबाळकर दांपत्य पन्हाळ्यापर्यंत जाऊन परत आले.

"उत्तम," साहेब म्हणाले. "पाय ठेवला की पळते."

"हो ना. काही त्रासच राहिला नाही," बाई म्हणाल्या आणि पर्स सावरत खाली उतरल्या.

धैर्यशीलची नजर ताडपत्रीकडे वळली. तेवढ्यात वस्ताद म्हणाले, "साहेब, गाडी आणखी थोडे दिवस इथंच ठिवा. काम राहिलंय."

दांपत्य गेल्यावर वस्तादांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतःच्या हातांनी ती नवी कोरी टर्बो सोडवायला घेतली.

"वस्ताद, ह्ये काय करताय? मालक उत्तम म्हणाले की!"

"म्हणाले की."

"मग?"

"जुनी आण. साफ करू."

धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या निगुतीने केलेले काम गुरूनेच उखडावे, हे त्याला फार लागले. चंदेरी गाडी हातची गेली, असेच त्याला वाटले. पण काम हातात आले की राग फार टिकत नाही. जुन्या चक्रावरची काजळी काढताना, नवे बेअरिंग बसवताना, चक्राचा तोल साधताना तो हळूहळू शांत झाला.

दुसऱ्या ट्रायलला वस्तादांनी त्याला मागच्या चिंचोळ्या सीटवर कोंबले. गुडघे छातीशी घेऊन तो बसला. पन्हाळ्याचा चढ आला. साहेबांनी पाय दाबला, आणि गाडी ढिम्म.

"आली का हो?" बाईंनी दारावरची मूठ घट्ट धरली.

"थांब गं."

"आली का?"

कुठूनतरी बारीक शीळ ऐकू आली. ती चढत गेली, आणि गाडी उसळली! बाई किंचाळल्या, साहेब खदखदून हसले, आणि मागून कुणीतरी "आली!" असे ओरडले. ओरडणारा आपणच आहोत, हे धैर्यशीलला थोड्या वेळाने कळले.

परतले तेव्हा बाईंचा अंबाडा सुटला होता. साहेब खाली उतरलेच नाहीत. धैर्यशीलला उतरवून दिले आणि म्हणाले, "वस्ताद, आणखी एक चक्कर मारून येतो." गाडी वळणाआड गेलीसुद्धा.

"पहिल्या बारीला साहेब काय म्हणाले हुते?" वस्तादांनी विचारले.

"उत्तम."

"आणि आज?"

"आज गाडीबद्दल कायच न्हाई म्हणाले. परत गेले की!"

वस्ताद मनापासून हसले. "ब्रेकचं सांगताना साहेबांच्या कपाळाला आठी हुती. गाडी तापती म्हणताना बाई वैतागल्या हुत्या. ते दोष. ते तू काढलेस, आणि झ्याक काढलेस. त्यातलं मी काय हलवलं न्हाई. पण टर्बोचं सांगताना दोघं हसत हुते. माणूस जी तक्रार हसत सांगतो, ती दुरुस्त करायची नसती. त्या थांबण्यात त्यांचा सगळा संसार बसलाय लेका. तू नेमका तेवढाच काढून ठिवलास."

धैर्यशील खाली बघत म्हणाला, "म्हणजे चंदेरी गाडी गेली माझी."

"गेली कुठं? रीत काय हाय? मालक खूश हून परत आला पायजे. खूश तर हाय. परत येईल तवा येईल."

पुढच्या आठवड्यात सांगलीच्या डॉक्टरबाई आल्या. धैर्यशीलने बोनेट उघडले नाही. त्याने चहा मागवला, बाईंना खुर्ची दिली आणि समोर बसून विचारले, "काय काय खटकतं?"

"दार नीट लागत नाही, पावसात पाणी आत येतं, त्याचा फार वैताग आहे," बाई म्हणाल्या. "आणि हॉर्न तर बोकडासारखा ओरडतो. गावाकडे नेली की साऱ्या गल्लीतले बोकड उत्तर देतात…" पुढचे त्यांना हसण्यामुळे बोलता येईना.

"दार बघतो, पाणी थांबवतो," धैर्यशील म्हणाला. "हॉर्न राहू दे."

आपल्या माणसांविषयीही आपल्या पुष्कळ तक्रारी असतात. त्यांतली एखादी दुरुस्त करायला निघण्यापूर्वी, ती सांगताना आपण हसतो का, एवढे पाहून घ्यावे.