कापडाखालची डोली

एका उंच डोंगरावर एक गाव होतं आणि त्या गावाचा वैद्य राहायचा डोंगराखाली. कुणी आजारी पडलं की त्याला पाठीवर घेऊन अरुंद पायवाटेने उतरावं लागे. सगळेच खाली पोचत, असं नाही. शेवटी पंचांनी ठरवलं, गावाला डोली हवी.

गावात एक सुतार होता. हातात कसब, स्वभाव हट्टी. काम पुरं होईपर्यंत ते कापडाखाली झाकून ठेवायचं, अर्धवट वस्तू दाखवली तर दृष्ट लागते, ही त्याच्या घराण्याची रीत. डोली कशी हवी ते पाटलाने सांगितलं: वर छत, छताला झालर, दोन्ही बाजूंना कोरलेले मोर. डोली वाहणार होते भोई. त्यांना कोणी काही विचारलं नाही. भोयांचा म्होरक्या आपणहून सुताराच्या दारात आला, नुसता दांडा तरी खांद्यावर घेऊन बघू दे म्हणाला. सुताराने त्याला ओसरीवरूनच परत पाठवलं.

सणाच्या दिवशी कापड निघालं. मोर असे की आता उडतील. नारळ फुटला, पाटलाचं भाषण झालं. मग भोयांनी रिकामी डोली उचलली आणि खिंडीतल्या वळणावर ती अडकली. दांडा लांब, छत उंच. कशीबशी मागे ओढून आणली.

डोली चुकली असं मात्र कोणी म्हणेना. पाटील म्हणाला, भोयांना चालता येत नाही. पंच म्हणाले, वळणच चुकीचं आहे, कडा फोडू. कडा फुटेपर्यंत आजाऱ्यांनी काय करायचं, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

सुताराची मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सुईणीने पोट तपासलं. मूल आडवं आहे, हे माझ्या हातचं नाही, हिला वैद्याकडेच न्या, असं तिने स्पष्ट सांगितलं.

सुतार मोरांकडे बघत बसला. मुलगी म्हणाली, “आबा, मला मोरांत बसून मिरवायचं नाहीये. मला खाली पोचायचंय.”

दुसऱ्या दिवशी सुतार करवत घेऊन अंगणात बसला, सगळ्यांच्या देखत. एक आखूड बांबू आणि सुतळीची झोळी, एवढंच केलं आणि भोयांना हाक मारली. ते वळणापर्यंत जाऊन आले. बांबू अजून आखूड हवा म्हणाले. त्याने कापला. मग तो स्वतः झोळीत बसला, तर उतारावर पुढे घसरला. पाय टेकायला फळी लावली. ती पुढच्या भोयाच्या पाठीत रुतू लागली.

“रोज नवी खोट,” सुतार वैतागला. “सगळं एकदाच सांगायला तोंड नव्हतं का?”

“खांद्यावर घेतल्याशिवाय आम्हाला तरी काय कळणार, दादा?” म्होरक्या म्हणाला.

सुताराने फळी वर सरकवली. पाटील येऊन बघून गेला. ही डोली आहे की वाळत घातलेली गोधडी, असं चारचौघांत म्हणाला. सुतार फळीच्या गाठी आवळत राहिला.

छत व्हायचं होतं, तोच कळा सुरू झाल्या.

“छत राहिलंय,” सुतार पुटपुटला.

“आज आभाळ मोकळं आहे,” म्होरक्या म्हणाला. मुलीला झोळीत बसवून त्याने बांबू खांद्यावर घेतला.

वळणावर सुताराने बांबू आणि कड्याच्या मधे आपला हात धरला. बांबू त्या हाताला घासत पलीकडे गेला.

बाळ वैद्याच्या घरी जन्मलं. मायलेक सुखरूप त्याच डोलीतून वर आले. डोलीतून उतरता उतरता मुलगी म्हणाली, “आबा, आता यात बाळासाठीही जागा करा.”

सुतार हसला आणि त्याने करवत उचलली. मोरांच्या डोलीत हल्ली कोंबड्या बसतात. आणि काम झाकायचं ते कापड बाळाच्या दुपट्यांना गेलं.

तात्पर्य: जे वापरणार आहेत त्यांच्या हाती काम लवकर द्या, थोडं थोडं द्या, आणि ते सांगतील तसं बदलायची लाज बाळगू नका. सॉफ्टवेअरवाले यालाच ‘अजाईल’ म्हणतात. झाकून ठेवलेली चूक वाटेतच कळते, आणि दर वेळी डोली रिकामी असेल असं नाही.