तेराव्या पोर्टचा दिवा

“मग कुणाचं तोडू, भंते?”

सुगत गजभिये पडवीच्या पायरीवर उभा होता. हातात उघडा लॅपटॉप, चपला पायांतच.

भदंत रेवत पडवीत बसून आपलं लोखंडी भिक्षापात्र पुसत होते. पात्र चांगलंच मोठं होतं. त्यांच्या गुरूंनी ते श्रीलंकेहून आणलेलं.

“चपला,” भंते म्हणाले.

सुगतने चपला काढल्या आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

सुगत याच गावचा. हॉलंडात जाऊन नेटवर्किंग शिकला, तिथे चांगल्या नोकरीला लागला, आणि एक दिवस सगळं सोडून परत आला. विहाराच्या आवारात मुलींचं वसतिगृह होतं, अभ्यासिका होती, दोन खोल्यांचा दवाखाना होता. भोवती जंगल. गावची वीज दुपारी हमखास जायची.

सुगतने छपरावर सौर पट्ट्या बसवल्या, बॅटऱ्या आणल्या आणि सगळ्याच्या मध्यभागी एक नेटवर्क स्विच लावला. चपटी पेटी, समोर ओळीने पोर्ट. प्रत्येक पोर्टमधून एक केबल निघायची आणि त्या एकाच केबलमधून माहितीही जायची, वीजही. फाटकावरचा कॅमेरा, वसतिगृहातला फोन, अभ्यासिकेतलं वाय-फाय, अशी बारा यंत्रं त्या पेटीवर जगत होती.

आज तेरावं जोडायचं होतं. ते दवाखान्यासाठी होतं. एक पडदा, एक कॅमेरा आणि छातीला लावायचा स्टेथोस्कोप. नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर खोब्रागडे त्यातून पेशंट तपासणार होत्या. त्यांनी आज दुपारी एकची वेळ दिली होती. आज जमलं तर दर बुधवारी बसेन, नाही जमलं तर हा वेळ दुसऱ्या गावाला देईन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळपासून माणसं येऊन बसली होती. सगळ्यांत पुढे गिरजाबाई रामटेके. पाय सुजलेले, दोन वाक्यं बोलल्या की धाप. नागपूरला चला म्हटलं की त्या म्हणायच्या, बसच्या पायरीवरच मरीन मी, त्यापेक्षा घरी बरी.

सुगतने यंत्राची केबल तेराव्या पोर्टमध्ये घातली होती. दिवा लागला नव्हता. लॅपटॉपवर एक ओळ आली होती. वीज शिल्लक नाही.

“स्विच सगळा मिळून तीनशे सत्तर वॅट देतो,” सुगत म्हणाला. “बारा जणांनी तीस-तीस धरलेत. उरले दहा. तेराव्याला तीस लागतात. म्हणजे एकाचं तोडावंच लागणार.”

“सगळ्यांचं थोडं थोडं कमी होत नाही?”

“यंत्र तसं ऐकत नाही, भंते. मागितलं तेवढं मिळालं तर सुरू होतं. नाही तर होतच नाही.”

भंते पात्र पुसत राहिले.

सुगत सगळ्यांना विचारून आला होता आणि त्यानेच तो जास्त वैतागला होता. वंदना सिस्टरचं म्हणणं, वाय-फाय काढा, मुलींनी महिनाभर पुस्तकं वाचावीत. मुलींचं म्हणणं, फाटकावरचा कॅमेरा काढा, तुळशीरामकाका कशाला आहेत? वॉचमन तुळशीरामची तर हरकतच नव्हती. बिबट्या आलाच तर मीच त्याचं नाव-गाव विचारून घेईन, तो म्हणाला. वर हेही म्हणाला की बारा जण गुण्यागोविंदाने जेवत होते, सुगतने मध्येच हा दुष्काळात तेरावा महिना आणला.

प्रत्येकाला दुसऱ्याचं यंत्र बिनकामाचं वाटत होतं.

“मी फोन तोडायचं ठरवलंय,” सुगत म्हणाला. “मुली संध्याकाळी घरी बोलतात. नाही बोलल्या तर रडतील. पण रडून कुणी मरत नाही.”

“हं.”

“तुम्ही हो म्हणा, म्हणजे झालं.”

“कोण उपाशी आहे?” भंतेंनी विचारलं.

“दवाखाना.”

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यांना भरपूर आहे.” सुगतचा आवाज चढला. “मी इथे कुणालाच हलकं यंत्र दिलेलं नाही, भंते. आपल्या माणसांच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलंच आलं. मी तिकडे असतानाच ठरवलं होतं, आपल्या विहारात जे येईल ते सगळ्यांत वरच्या प्रतीचं येईल.”

ते खरं होतं. फाटकावरचा कॅमेरा तर बर्फाळ मुलखासाठी बनवलेला होता. आत हीटर होता. तुळशीराम उन्हाळाभर म्हणत होता की त्याच्यावर पापड भाजून बघू.

भंतेंनी अंगणातल्या सावलीकडे पाहिलं. सावली आखडत आली होती. भिक्खूने जेवायचं ते मध्यान्हाच्या आत, त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. ते उठले, पात्र घेऊन भोजनशाळेत गेले आणि आपल्या जागी बसले.

या विहाराची एक रीत होती. ज्याच्या मनात प्रश्न असेल, त्याने त्या दिवशी भंतेंना वाढायचं.

सुगत मागोमाग गेला. मनातून तो चरफडत होता. डॉक्टर एक वाजता पडद्यावर येणार आणि इथे आपण भात वाढतोय.

मुलींची पंगत बसली होती, आणि आज दवाखान्यात आलेली माणसंही पंगतीला होती. स्वयंपाकाच्या चंद्रकलाताई महिन्यापूर्वीच कामावर आलेल्या. त्यांनी सुगतच्या हातात एक काठोकाठ भरलेलं भांडं दिलं. हा भंतेंचा भात, त्या म्हणाल्या, त्यांच्या पात्राच्या मापाने आधीच काढून ठेवला. म्हणून पंगतीला आज जरा बेतानं वाढलंय, माणसं वाढली ना.

सुगत भंतेंसमोर गुडघ्यांवर बसला. एक डाव भात वाढला. वर वरण. अंबाडीची भाजी. दुसरा डाव भात.

तिसरा डाव भरून त्याने उचलला.

भंतेंनी पात्रावर हात ठेवला.

“भंते, पात्र अर्धंही भरलं नाही.”

हात तसाच.

“एवढं भांडं तुमच्यासाठी काढून ठेवलंय…”

भिक्खू मागत नाही. पुरे झालं तरी बोलत नाही. नुसता हात ठेवतो.

सुगतने हाताकडे पाहिलं. मग हाताखालच्या त्या मोठ्या पात्राकडे. मग आपल्या मांडीशी ठेवलेल्या भरल्या भांड्याकडे. मग पंगतीच्या टोकाला बसलेल्या मुलींच्या ताटांकडे, जिथे वाटीभरच भात होता…

डाव हवेतच राहिला.

“घेतात किती,” तो हळूच म्हणाला. “घेतात किती, ते मी पाहिलंच नाही.”

त्याने डाव भांड्यात ठेवला, भांडं टोकाच्या मुलीच्या हातात दिलं, भंतेंना वाकून नमस्कार केला आणि पडवीतला लॅपटॉप उचलून अनवाणीच पळत सुटला.

स्विचची खोली अभ्यासिकेच्या मागे होती. सुगतने लॅपटॉप टेबलावर टेकवला. सकाळपासून तो एकच रकाना वाचत होता, राखीव. शेजारी आणखी एक रकाना होता, प्रत्यक्ष वापर. तो त्याने आजवर वाचलाच नव्हता.

यंत्र जोडलं की आधी आपला वर्ग सांगतं. मी या मापाचं, मला जास्तीत जास्त इतकं लागू शकेल. स्विच त्या मापाने वीज बाजूला काढून ठेवतो. मग यंत्र ती घेवो अथवा न घेवो, ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

त्याने एकेक पोर्ट वाचला. वसतिगृहातला फोन, राखीव तीस, वापर चार. अभ्यासिकेतलं वाय-फाय, राखीव तीस, वापर नऊ. बर्फातला कॅमेरा, राखीव तीस, वापर आठ. त्याचा हीटर बसवल्यापासून एकदाही सुरू झाला नव्हता.

बाराही यंत्रांचा मिळून वापर शंभराच्याही आत होता.

सुगत खुर्चीत मागे टेकला. मग हसायला लागला. इतका मोठ्याने की तुळशीराम काठी घेऊन दारात आला.

“या काका, आत या. आपण श्रीमंत आहोत.”

“हे माझ्या बायकोले सांगून ये बाबू,” तुळशीराम म्हणाला. “मी सांगतलं तं तिले पटत नाही.”

सुगतने सेटिंग उघडलं. वर्गाप्रमाणे राखून ठेवायचं सोडून प्रत्यक्ष वापराप्रमाणे हिशेब धरायचा, असा एक पर्याय तिथे पहिल्या दिवसापासून होता. त्याने तो निवडला.

स्विचवरचे बारा दिवे तसेच राहिले. एकही विझला नाही.

मग तेराव्या पोर्टवर केशरी ठिपका उमटला. लुकलुकला… आणि हिरवा झाला.

दवाखान्यातून वंदना सिस्टरची हाक आली. पडदा लागला होता.

सुगत तिथेच थांबला नाही. टेबलाखाली खोकी पडून होती, वीज नाही म्हणून न जोडलेली. स्वयंपाकघराचा फोन. व्हरांड्याचं वाय-फाय. विहिरीवरचा कॅमेरा. चौदावा, पंधरावा, सोळावा. तो केबल घालायचा आणि तुळशीराम दिवा बघून मान डोलवायचा. तोवर मुली उष्ट्या हातांनीच दारात जमल्या होत्या. प्रत्येक हिरव्या दिव्याला त्या, वंदनेनंतर ‘छान झालं’ या अर्थी म्हणतात तसं, एका सुरात म्हणत होत्या, “साधू, साधू, साधू.”

एक वाजला. गावची वीज रोजच्यासारखी गेली. दवाखान्याच्या पडद्यावर डॉक्टर खोब्रागडे हसत होत्या.

गिरजाबाईंनी पडद्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

“खरोखरची बाई हाय, का फोटो?”

“खरीच आहे, आई,” डॉक्टर म्हणाल्या. “लांब श्वास घ्या.”

सिस्टरने स्टेथोस्कोप छातीला लावला. खोलीत आवाज घुमला. जड, अडखळणारा, पण न थांबणारा. व्हरांड्यातल्या माणसांनी बोलणं बंद केलं.

गिरजाबाई दचकल्या. “हे कोन वाजवून राहिलं?”

“तुम्हीच, मावशी,” वंदना सिस्टर म्हणाली.

डॉक्टर डोळे मिटून ऐकत होत्या. पुन्हा लावा म्हणाल्या, जरा डावीकडे, आता पाठीला. मग त्यांनी सांगितलं की हृदयाची एक झडप आकसली आहे, पण वेळेत सापडलं. गोळ्या आजपासून सुरू करायच्या. शुक्रवारी त्यांच्या रुग्णालयाची गाडी दारात येईल आणि झोपवून नेईल, बसच्या पायरीचा प्रश्नच नाही. आणि जाता जाता, सुगतकडे बघून, पुढच्या बुधवारी यादी जरा मोठी करा असं म्हणाल्या.

गिरजाबाई सिस्टरच्या आधाराने व्हरांड्यात आल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“वाजते मी अजून,” त्यांनी सांगितलं. “लय जोरात वाजते.”

व्हरांडाभर हसू फुटलं. तुळशीरामने काठी जमिनीवर आपटून ठेका धरला आणि गिरजाबाईंनी त्याला धाप लागेपर्यंत शिव्या दिल्या.

दुपार कलल्यावर सुगत पडवीत आला. भंते भिंतीला टेकून बसले होते. तो त्यांच्या पायांशी बसला आणि लॅपटॉप वळवून त्यांना आकडे दाखवले. सोळा पोर्ट. प्रत्येकासमोर त्याचा खरा वापर, क्षणाक्षणाला हलणारा.

भंतेंनी बराच वेळ ते हलणं पाहिलं.

“एखाद्या दिवशी कुणाला खरंच जास्त भूक लागली तर?”

“लागेल, भंते. रात्री कॅमेरे अंधारात बघतात, तेव्हा जास्त घेतात. कडाक्याच्या थंडीत तो हीटरही जागा होईल. म्हणून आता मी रोज हे बघणार. एकूण वापर वर चढायला लागला की मला निरोप येईल.”

“आणि तरीही कमी पडलं?”

“तर पंगतीतून आधी कोण उठणार ते लावून ठेवलंय. दवाखाना सगळ्यांत शेवटी.”

“सगळ्यांत आधी?”

“माझ्या खोलीतलं वाय-फाय.”

भंते हसले. वसतिगृहातून मुलींचा कलकलाट येत होता. फोनपाशी रांग लागली होती, आणि आज प्रत्येकीला घरी तीच गोष्ट सांगायची होती.

सुगतने लॅपटॉप मिटला.

“भंते, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही पात्रावर हात ठेवलात… तेव्हा तुम्हाला हे सगळं आधीच कळलेलं होतं ना?”

भंतेंनी डोळे मिटले. जरा वेळ आठवून पाहिलं.

“नाही रे,” ते म्हणाले. “माझं पोट तेवढ्यातच भरतं.”