कळेवर एक, पडद्यावर दुसरंच

एका गावात एक भोळा मामा होता. खरं तर तो एकट्या हेमंतचा मामा, पण सगळं गाव त्याला मुकिंदामामा म्हणायचं. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. घोळ तिथेच व्हायचा.

त्याची थोरली बहीण यमुनाक्का शेंगदाण्याची चटणी करून रस्त्याकडेला, भर उन्हात बसून विकायची. तालुक्याला बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे मांडवात, सावलीत स्टॉल मिळणार होता. त्यासाठी पाचच्या आत अर्जाचा ईमेल जायला हवा होता. आक्काचे हात तिखटाने माखलेले. म्हणून लॅपटॉपसमोर मुकिंदा बसला.

लॅपटॉप आक्काच्या मुलाचा, म्हणजे हेमंतचा. तो जर्मनीत नोकरीला होता आणि मागच्या खेपेला आपला जुना लॅपटॉप घरी ठेवून गेला होता. मुकिंदाने मेलचा पत्ता लिहायला घेतला. ॲटचं चिन्ह क्यूच्या कळेवर छापलेलं दिसलं. त्याने ती कळ दाबली. पडद्यावर क्यू आला. पुन्हा दाबली. पुन्हा क्यू.

"आक्का, हे भुताटकीचं आहे गं!"

आक्काने कोपराने फोन लावला. हेमंत म्हणाला, "मामा, कळा जर्मन आहेत, पण आतली मांडणी मी आपल्याकडची केलीय. कळेवर एक, पडद्यावर दुसरंच. छापलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही. दाबून बघायचं."

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

तेवढ्यात वीज गेली आणि लॅपटॉपने मान टाकली. आक्का म्हणाली, "चावडीवर तरी लाइट आहे का, बघून ये."

चावडीपुढे नव्याने रंगवलेला हिरवा बाक होता. त्यावर पाटी होती, 'रंग ओला आहे'. मुकिंदा गालात हसला. छापलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही. दाबून बघायचं. त्याने दोन्ही पंजे दाबले. तेवढ्याने खात्री पटेना, म्हणून बसूनही दाबलं.

रंगारी बाबूलाल ब्रश घेऊन धावत आला. "ओ मामा! वाचता येत नाय का? लिहिलेलं गुमान खरं मानायचं!"

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

मुकिंदा मागून हिरवागार होऊन घरी आला. वीज आली होती. बचत गटाच्या अध्यक्षा सरलावहिनीही आल्या होत्या.

"मेल गेला का हो?" त्यांनी विचारलं.

"जातोय, जातोय. मुकिंद्या, वहिनींना चहा टाक," आक्का म्हणाली.

मुकिंदाने 'साखर' लिहिलेला डबा काढला. लिहिलेलं गुमान खरं मानायचं. त्याने भरपूर घातली. वहिनींनी एक घोट घेतला, उठल्या आणि अंगणात जाऊन चूळ भरून आल्या.

आक्काने कपाळावर हात मारला. तिखटाचा हात. मग डोळे चोळले. मग ओरडली, "अरे मेल्या, आपल्या घरात डब्यावर लिहिलेलं कधी आत असतं का? साखरेच्या डब्यात मीठ, मिठाच्या डब्यात रवा, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा!"

"मग साखर?"

"डाळीच्या डब्यात! कुणालाही विचार!"

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

पाच वाजत आले. मुकिंदा शिफ्ट धरून एकेक कळ दाबू लागला. कधी टक्का आला, कधी फुली, कधी डॉलर. वहिनी देवाचं नाव घेऊ लागल्या. दोनच्या कळेवर अवतरणचिन्ह छापलेलं होतं. ती दाबली आणि पडद्यावर ॲट उमटलं! वहिनी किंचाळल्या, मुकिंदा दचकून खुर्चीवरून पडला. पण मेल गेला.

फोनवर हेमंत म्हणाला, "मामा, उद्या पुन्हा विसराल. वर एक आणि आत दुसरंच असेल, तिथे आतलं खरं काय ते चिठ्ठीवर लिहून चिकटवून टाका."

मुकिंदाने साऱ्या कळांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग साऱ्या डब्यांवर. आक्का खूश झाली. जन्मात पहिल्यांदाच ती त्याला शहाणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या कुलथे मॅडम सरलावहिनींबरोबर चव बघायला घरी आल्या. त्यांना पसंत पडलं तरच स्टॉल. मॅडमनी चमचाभर चटणी तोंडात टाकली. नाक लाल झालं. कान लाल झाले. डोळ्यांतून धारा लागल्या.

"जास्त झाली का हो तिखट?" आक्काने भीत भीत विचारलं.

"छे छे," मॅडम हुंदका गिळत म्हणाल्या, "अजिबात नाही. फार छान."

मुकिंदाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. वर एक, आत दुसरंच. त्याने चिठ्ठी लिहिली, डिंक लावला आणि मॅडमच्या कपाळावर चिकटवली. 'आत जळतंय. पाणी द्या.'

वहिनींनी पदर तोंडात कोंबला. आक्काने डोळे मिटून घेतले. गेला स्टॉल! मॅडमनी चिठ्ठी सोलून काढली आणि वाचली. मग तांब्याभर पाणी प्यायल्या आणि उचकी लागेपर्यंत हसल्या.

"स्टॉल तुमचा," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक बाटलीवर हीच चिठ्ठी लावायची."

प्रदर्शनात यमुनाक्काच्या स्टॉलवर ही गर्दी! लोक चिठ्ठी वाचायचे, हसायचे आणि दोन-दोन बाटल्या न्यायचे. मॅडमही घरासाठी घ्यायला आल्या. दुपारी आक्का म्हणाली, "मुकिंद्या, मी भाकरी खाऊन येते. लक्ष ठेव."

"कशावर?"

"बाटल्यांवर! आणखी कशावर?"

मुकिंदाने बाटल्यांवर लक्ष ठेवलं. पहिल्या बाटलीवर 'आत जळतंय'. दुसऱ्या बाटलीवर 'आत जळतंय'. सगळ्याच बाटल्यांच्या आत जळतंय! तो पळत मंचावर गेला, पाहुण्यांच्या हातातला माइक घेतला आणि ओरडला, "यमुनाक्काच्या स्टॉलमध्ये आत जळतंय! पाणी द्या!"

मैदानाच्या कडेला आगीचा बंब उभाच होता. त्याने पाणी दिलं.

बाटल्या घट्ट बंद होत्या. चटणीला थेंब लागला नाही. भिजल्या त्या स्टॉलपुढे उभ्या कुलथे मॅडम, नखशिखांत. मुकिंदा त्यांच्यासमोर गेला आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, एवढं पुरे, का आणखी सोडायला सांगू?"