भिंतीपुढं थांबलेला हत्ती

पूर्वी वेणुपद्र नगरात मणिरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हत्तीच्या कुळात जन्मला होता. तो राजाचा मंगलहत्ती होता आणि सोणक त्याचा माहूत. दर शरदात नवं धान्य आलं, की राजा त्याच्यावर बसून नदीवरून नगरात परते. सूर्य माथ्यावर यायच्या आत हत्तीनं वेशीत पाऊल टाकलं तर वर्ष चांगलं जातं, असं म्हाताऱ्यांनी ठरवून ठेवलं होतं. कुणी, कधी, हे विचारायची सोय नव्हती.

त्या वर्षी वेशीच्या अलीकडं, गोमती नावाच्या गवळणीच्या घरापुढं हत्ती थांबला.

सोणकनं टाचेनं खुणावलं. हत्ती हलला नाही. उसाची मोळी आणवली, गुळाचा गोळा पुढं केला. हत्तीनं सोंडसुद्धा उचलली नाही. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याला काही दुखतंय, की तो भ्यालाय, की रुसलाय, सोणकला काहीच उमगेना.

पुरोहित भृगुदत्तांना मात्र लगेच उमगलं. अशा लोकांना सगळंच लगेच उमगतं. "घर बाधित आहे, महाराज. भिंत पाडा, म्हणजे वाट मोकळी होईल."

"आणि मी राहू कुठं?" गोमती दारातून म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत शेणानं भरले होते.

"गप गं," एक म्हातारा मंत्री खेकसला. "मोठी माणसं बोलतायत."

राजानं मान डोलावली. "सोणक, हत्तीकडूनच पाड."

सोणकनं अंकुश रोवला. कानामागून रक्त ओघळलं. हत्तीनं मनात आणलं असतं, तर माहूत केव्हाच धुळीत पडला असता. पण त्यानं माहुताला काही केलं नाही, आणि भिंतीलाही सोंड लावली नाही. नुसता उभा राहिला.

सोणकनं अंकुश पुन्हा उचलला, तेव्हा त्याला दिसलं, की हत्तीचा डोळा एकाच जागी लागलाय. हे काय? तो खाली उतरला आणि त्या डोळ्याशेजारी उभा राहिला.

आधी भिंतीवर नुसतं शेण दिसलं. मग बोटांचे फराटे. मग कमानी दिसायला लागल्या, एकीतून दुसरी निघालेली. पण मधेच सगळ्या कमानी वळल्या होत्या, ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालतं तशा. त्या वळशाच्या पोटात कुंभारमाशीनं बांधलेलं सुपारीएवढं मातीचं घर होतं.

"बाई, हे काय काढलंस?"

"काढलंय कुठं? सारवलंय."

"मग हा वळसा?"

"तिची पिल्लं आहेत आत. बुजवू होय?"

सोणक गोंधळला. हे चित्र होतं, की नव्हतं? कुणी काढलंच नाही, तर मग नजर का निघेना?

"काय आहे रे तिथं?" राजानं वरून विचारलं.

"सांगता येत नाही, महाराज. उतरून बघावं लागेल."

"शेण आहे, शेण!" भृगुदत्त ओरडले. त्यांची भिंतीकडं पाठ होती. "मुहूर्त टळतोय!"

राजा उतरला. बघत राहिला. सूर्य माथ्यावर आला आणि ढळला. आभाळ कोसळलं नाही. एक माशी तोंडात चिखलाची गोळी घेऊन आली आणि आपल्या घराला लावून गेली.

"मला काही कळलं नाही," राजा अखेर म्हणाला. "भिंत राहू दे."

तेव्हा कुणी न हाकता हत्ती चालू लागला. राजा आणि माहूत त्याच्यामागून पायी गेले.

इतकं सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, समोरच्या संघाकडं पाहिलं. त्या सकाळी एक तरुण भिक्खू भिक्षेच्या वाटेवर कुणाच्या तरी अंगणात बघत मागं राहिला, म्हणून वृद्ध भिक्खूंनी, म्हणजे थेरांनी, त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं.

"तेव्हाचा सोणक म्हणजे हा तरुण भिक्खू," शास्ते म्हणाले. "गोमती म्हणजे विहाराचं अंगण रोज सारवणारी उपासिका. मणिरथ म्हणजे आज दाराशी बसलेला, अजूनही गोंधळलेला हा राजा. भृगुदत्त आणि तो म्हातारा मंत्री म्हणजे, थेरहो, तुम्हीच. हत्ती मी होतो. आणि ह्या सोसून थांबण्याला क्षांती म्हणतात."

थेरांना क्षांतीची व्याख्या तोंडपाठ होती. ती त्यांनी लगेच म्हणून दाखवली.