हैबतीची तिसरी हाक

ही गोष्ट खरी आहे. अक्षर न् अक्षर खरी. खोटी निघाली तर माझ्या ताटातला तळलेला मासा उठून खाडीत पोहत जावो. मी ती माझ्या या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे, घडली तेव्हा मी तिथेच होतो. आता ऐन घटकेला माझं तोंड चिखलात होतं, ते सोडा. चिखलातून जेवढं दिसतं तेवढं सगळं मी पाहिलं.

एका राज्यात जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दोघांच्या मधे नजर पोचेल तिथवर खाजण पसरलेलं. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, आणि कडेनं तिवरांची झाडी. थंडी पडली की तिन्हीसांजेला उत्तरेकडून कलहंसांचे थवे यायचे, त्यांच्यामागे बदकं. आभाळ इतकं झाकून जाई की गावात दिवे लवकर लावावे लागत.

त्या खाजणात हैबती नावाचा पारधी होता. त्याच्याजवळ धनुष्य होतं, जाळं होतं. पण खरं हत्यार होता त्याचा गळा. अंगाला चिखल फासून तो तिवरांत बसे, ओठांशी ओंजळ धरी आणि हंसांच्या बोलीत हाक देई. हाका दोन. एक, ‘इथे दाणा आहे.’ दुसरी, ‘इथे निवारा आहे.’ दोन्ही खोट्या. थवा माना सैल सोडून, पाय पुढे काढून उतरे, आणि वरून जाळं पडे.

त्या राज्यातल्या पारध्यांची एक रीत होती. जाळं पडलं की कानांत मेणाचे बोळे घालायचे. कारण सावध झालेलं पाखरू एक तिसरी हाक देतं. ती ऐकली की घशात बसते, घशात बसली की ओठांवर येते, आणि मग पारध्याच्या चुलीवर नुसतं पाणी उकळतं. म्हणून ती हाक कधी कोणी ऐकलीच नव्हती.

हैबतीला आईविना वाढलेली एक लेक होती. गोजरी तिचं नाव. पायात काळा दोरा, दोऱ्यात एक कवडी. काही ऐकायचं असलं की मान डावीकडे कलती करायची.

“बाबा, ती पाखरं तुझ्या हाकेला येतात कशी?”

“मी लबाड बोलतो, म्हणून.”

“मला हाक मारतोस तेव्हा?”

“तेव्हा भात तयार असतो. बस जेवायला.”

राजा उदयभानाला एका मांत्रिकानं सांगितलं होतं, की थव्याच्या पुढे उडणाऱ्या म्हाताऱ्या हंसिणीच्या गळ्यात माणिक आहे. ते ज्याच्या मुकुटात, त्याची हाक कोणी मोडणार नाही. राजानं हैबतीला बोलावलं.

“हंसीण आण.”

“महाराज, थव्याची वाट तिला ठाऊक. तिला धरलं तर बाकीची भरकटतील.”

“तुला लेक आहे म्हणे?”

हैबतीनं मुजरा केला आणि तो निघाला.

त्या सांजेला त्यानं ‘निवारा आहे’ अशी हाक दिली. इतकी गोड दिली की त्याला स्वतःलाच तिथे निजावंसं वाटलं. हंसीण उतरली, जाळ्यात सापडली. बाकीचा थवा उडून गेल्यावर त्यानं कानांतले बोळे काढले आणि तिच्या मानेला हात घातला, तेव्हा ती माणसासारखी बोलली.

“पारध्या, मी तुझ्या शब्दावर उतरले. आजपासून या राज्यात कोणाच्या हाकेला कोणी येणार नाही.”

माणिक निघालं. मुकुटात बसलं. राजानं दरबारात बसून युवराजाला हाक मारली, आणि युवराज उठून बाहेर गेला.

मग घरोघरी तेच. आईनं जेवायला हाक मारावी, पोरानं उंबरा ओलांडून चालू पडावं. गुराख्यानं गाय बोलवावी, गाईनं डोंगर धरावा. आमच्या शेजारच्यानं बायकोला हाक मारली, ती माहेरी गेली. त्यानं पुन्हा मारली, तर तिचं माहेरही दुसऱ्या गावी गेलं. लोक हाका मारायचे सोडून खुणा करू लागले, पण खूण अंधारात दिसत नाही.

हैबतीला हे कळायला उशीर झाला. गोजरी बांधावर खेळत होती. “गोजरे, ये गं,” तो म्हणाला. ती एक पाऊल लांब गेली. त्याला वाटलं, हट्ट. त्यानं पुन्हा हाक मारली, ती चिखलात उतरली. तो ओरडत धावला, आणि जितका ओरडला तितकी ती लांब गेली. चिखल तिच्या कमरेला लागला तेव्हा तिचे हात पांढरे झाले, पसरले, आणि ती उडाली. उडताना पायातली कवडी चमकली. मग ती थव्यात मिसळली.

खाजणात एका पायावर एक राखी बगळा उभा असे. पूर्वी तोही एक मांत्रिक होता. मासे जास्त आवडले म्हणून बगळाच राहिला. हैबती त्याच्यापुढे चिखलात बसला.

“शाप कसा सुटेल?”

“दोन हाका खोट्या दिल्यास. त्या खऱ्या करून दे. हंसांच्या बोलीला शाप नाही. तिसरी दिलीच नाहीस. तीही दे.”

“आणि माझी लेक?”

“तिसरी हाक सुटेल तेव्हा ती जमिनीवर असेल तर माणूस होईल. आभाळात असेल तर आभाळाची.”

“तिसरी हाक कशी असते?”

“मला काय विचारतोस? मला बघून मासेदेखील थांबत नाहीत. मी कोणाला सावध करणार?”

हैबती घरी गेला. कणगीतला वर्षाचा भात त्यानं खाजणात उधळला आणि ‘दाणा आहे’ अशी हाक दिली. थवा कितीतरी वेळ घिरट्या घालत राहिला, शेवटी उतरला, पोटभर जेवून उडाला. त्यांत एक हंसीण मान डावीकडे कलती करून त्याच्याकडे बघत होती. तिच्या पायात काळा दोरा होता. हाक मारली तर ती लांब जाईल, म्हणून तो तिच्यापुढे नुसता दाणा टाकत राहिला.

दुसऱ्या सांजेला त्यानं धनुष्य मोडलं, जाळं जाळलं, आणि ‘निवारा आहे’ अशी हाक दिली. थवा त्याच्याभोवती पंखांत चोची खुपसून निजला. तो पहाटेपर्यंत चिखलात तसाच बसून राहिला, पाय बधिर झाले तरी.

उरली तिसरी. थवा पायाशी उतरू द्यायचा, लेकीला कुशीत घ्यायचं, मग जमेल तशी ती हाक द्यायची, असा त्याचा बेत होता.

पण राजानंही ऐकलं होतं, की हंस आता हैबतीच्या अंगाखांद्यावर येतात. त्याच मांत्रिकानं राजाला सांगितलं, “एक माणिक उलटं पडलं, आता पुढे उडणाऱ्या हंसिणीचं दुसरं सुलटं पडेल.” पोरासाठी झुरणारा माणूस काहीही ऐकतो. तिसऱ्या सांजेला राजाचे तिरंदाज तिवरांत लपले. त्यांचे भाते वाहायला मी होतो. म्हणून तर सांगतो, गोष्ट खरी आहे.

सूर्य पाण्याला टेकला. थवा आला. हैबतीनं हाकही दिली नव्हती. आता त्याची गरजच नव्हती. सगळ्यांच्या पुढे गोजरी. तिनं पंख आवरले, पाय पुढे काढले. कवडी दिसू लागली. हैबतीनं दोन्ही हात पसरले.

तेवढ्यात तिवरांत बाणाचं एक पातं चमकलं.

तिसरी हाक त्याला येत नव्हती. जन्मभर कानांत मेण घातलेलं. हंसांच्या बोलीत शब्द नव्हता, म्हणून तो आपल्या बोलीत ओरडला, जसा कोणताही बाप ओरडेल तसा.

“गोजरे, येऊ नकोस. जा. लांब जा, बाळ.”

तीच तिसरी हाक होती.

थवा हातभर उंचीवरून फिरला. बाण सुटले ते चिखलात पडले. राजाच्या मुकुटातलं माणिक मिठासारखं विरघळलं आणि त्याच्या कपाळावरून ओघळलं. आणि लांब गावातून, कितीतरी दिवसांनी, कोणाचा तरी आवाज आला: “आले गं आई.”

शाप सुटला. युवराज परतला, राजानं त्याला पोटाशी धरलं आणि दवंडी पिटवली, की खाजणात पुन्हा बाण चालणार नाही. गुरं दावणीला आली. शेजाऱ्याची बायकोही आली. त्यानं बोलावलं नव्हतं, पण ते असो. सगळं जिथल्या तिथे लागलं.

हैबती दर थंडीत खाजणात दाणा टाकतो आणि बांधावर बसतो. आता त्यानं हाक मारली तर कोणीही येईल, म्हणून तो मारत नाही. दुसरे थवे येतात, खातात. तो थवा त्या खाजणात पुन्हा उतरला नाही. बापानं येऊ नकोस म्हटलं होतं. लेक शब्दाबाहेरची नव्हती.

जाताना तिनं एकदा मान डावीकडे कलती करून मागे वळून पाहिलं.

आता एवढं कबूल करतो. बगळा बोलला ते खरं, माणिक विरघळलं तेही खरं. हे शेवटचं तेवढं मी घातलं. बाण सुटले तेव्हा मी भाते डोक्यावर घेऊन चिखलात पालथा पडलो होतो. हैबतीच्या डोळ्यांत मावळतीचा सूर्य होता, त्याला काही दिसलं नाही. त्यानं मला हाताला धरून उठवलं आणि विचारलं, “तिनं मागे पाहिलं का रे?”

मी म्हणालो, “हो.”